शेवाळातले चार खळगे

१

आजोबा सापडले ते न्हाणीघरातल्या काळ्या फरशीवर. कुशीवर पडलेले, अंगाभोवती टॉवेल आणि एक हात लाकडी टबाच्या कडेकडे लांबवलेला. खुब्याचं हाड मोडलं होतं. अँब्युलन्समध्ये चढवताना ते कामावरून धावत आलेल्या मुलाला एवढंच म्हणाले, "ताईला कुणी काही बोलू नका." त्यानंतर तोंड मिटलं ते ऑपरेशन झालं तरी उघडलं नाही.

अशा वाक्याचा परिणाम हटकून उलटा होतो. आजोबांना सांभाळणारी ताई तोवर घरातलीच एक होती. त्या वाक्यानंतर ती संशयित झाली. मुलाचं म्हणणं सरळ होतं. ही बाबांना टबात एकटं सोडून कुठेतरी गेली, बाबा बाहेर येताना घसरले आणि आता चांगुलपणाने तिला पाठीशी घालताहेत. ताईचं म्हणणं त्याहून सरळ होतं: "रोजच्यासारखी टबात आंघोळ झाली, बाहेर येताना पाय सरकला." पुढे कितीही खोदून विचारा, डोळ्याला पदर लावायची. मुलाने जाहीर केलं की आज संध्याकाळी पोलिसांत तक्रार देणार. तशी तक्रार एकदा झाली की ताईला पुन्हा कुणी आपलं म्हातारं माणूस सांभाळायला देणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्या सकाळी आणखी एक बाई धास्तावली होती. हे घर तिने उभं केलं होतं. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, त्या ओळंब्यावरून साइटवरची माणसं तिला मागून 'ओळंबा' म्हणत. कागदी सरकती दारं, गवती चटयांची जमीन, बाहेरून मुद्दाम जाळून काळ्या केलेल्या लाकडाच्या भिंती, घराच्या पोटात शेवाळाचं चौकोनी अंगण, असं ते जपानी वळणाचं घर तिच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम होतं. आजोबांच्या न्हाणीघरात तर खास जपानहून मागवलेला सुवासिक लाकडाचा टब होता.

आणि त्या टबाशेजारच्या भिंतीला हाताने धरायचा दांडा नव्हता. पहिल्या आराखड्यात होता. ओळंबानेच तो खोडला होता. सूनबाईंनी तेव्हा पुन्हा पुन्हा विचारलं, तर ही म्हणाली होती, "दांडा लावला की दवाखाना वाटतो हो." झालं, विषय संपला.

ताई दोषी ठरली की दांड्याचं नाव कुणी काढणार नव्हतं. हे ओळंबाला कळत होतं. ताई दोषी ठरावी असं आपल्याला वाटतंय, हेही कळत होतं. तिला त्याची लाज वाटली, पण लाज वाटून इच्छा थोडीच जाते.

आजोबांच्या मुलाने, म्हणजे घराच्या मालकांनी, तिला सकाळीच फोन केला होता. घरी या, न्हाणीघरात काही खोट नाही हे आमच्या आत्याला समजावून सांगा, आणि येताना तिला स्टेशनवरून घेऊन या. आत्या म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. उभं आयुष्य पोलीस खात्यात काढलेली. नोकरीतून निवृत्त झाली तरी नजर अजून कामावर होती.

"अगं, मागे काय खडखडतंय?" गाडी वळणावर आली तशी आत्या म्हणाली.

"काहीतरी सैल झालंय. गॅरेजला दाखवायचंय. तीन-चार दिवस झाले, वेळच मिळत नाही."

"हं." आत्याने काच खाली केली. "घर तू बांधलंस ना? मग एक सांग, माझ्या दादाला ते आवडलं का?"

ओळंबाने नुसताच गिअर बदलला. मालकांना काय आवडतं ते तिला पाठ होतं, सूनबाईंना कुठला रंग चालत नाही तेही. आजोबांना तिने कधी विचारलंच नव्हतं.

२

दारात चपला काढून आत्या आत आली आणि मध्येच उभी राहिली.

"बसायचं कुठे?"

"बसा ना, आत्या." मालकांनी जमिनीवरच्या पातळ गादीकडे हात केला.

"एकदा बसले तर मला उठवायला क्रेन आणावी लागेल. एक खुर्ची आण."

"खुर्ची नाहीये घरात," मालक ओशाळून म्हणाले. "घराची कल्पनाच तशी आहे. सगळं जमिनीलगत."

"स्वयंपाकघरात?"

"तिथेही नाही."

आत्याने अंगणाकडे उघडणाऱ्या लाकडी ओट्यावर बूड टेकलं आणि भाच्याला समोर बसवलं. मालकांचे डोळे रडून की जागून, लाल झाले होते.

"बाबांनी जन्मभर बादलीने आंघोळ केली, आत्या. थंडीत कुडकुडत. म्हणून हा टब आणला. सगळ्या घरात मला तो एकच महत्त्वाचा होता. येईल त्याला मी सांगतो, आमचे बाबा रोज सकाळी टबात बसतात, राजासारखे."

"तू पाहिलंस कधी बसलेले?"

"मी सकाळी लवकर निघतो. पण विचारतो ना रोज. म्हणतात, छान ऊब येते."

सूनबाई पाणी घेऊन आल्या. नवऱ्याबरोबर त्याही कामावर जात. घर दिवसभर आजोबा, ताई आणि माळी यांच्या ताब्यात. त्यांनी पेला ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "चूक माझीही आहे. मी ताईवर ओरडायचे. घरात प्लास्टिक दिसलं की माझं डोकं फिरतं. ती बिचारी मला घाबरूनच असायची. त्या दिवशी काही झालं असेल तरी ती मला सांगायची नाही."

"त्याच्या आदल्या दिवशी काय होतं घरात?"

"फोटो. मासिकवाले आले होते. बाबांना आणि ताईला आम्ही दिवसभर वरच्या खोलीत बसवलं." सूनबाई ओळंबाकडे वळल्या. त्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात थोडं टोचणं आलं. "तुम्हीच तर सगळं आवरलंत, मॅडम. एवढं आवरलंत की माझा चार्जर अजून सापडत नाहीये."

ओळंबा कसनुसं हसली. फोटोच्या दिवशी तिच्या अंगात येतं, हे सगळ्या ओळखीच्या घरांना माहीत होतं. चौकटीत नको ती वस्तू दिसली की ती उचललीच.

"टब, दांडा, फरशी, हे सगळं राहू दे," मालक एकदम म्हणाले. "आत्या, ताई खोटं बोलतेय याला साक्षीदार आहे. बाबा पडले तेव्हा ती न्हाणीघरात नव्हतीच. माळ्याने तिला अंगणात पाहिलं. काहीतरी शोधत होती."

ओळंबाच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. लगेच तिला स्वतःचीच किळस आली.

३

आजोबांची खोली, तिच्या एका बाजूला न्हाणीघर आणि दुसऱ्या बाजूला ते अंगण. वर उघडं आकाश, चारी बाजूंनी भिंती. सकाळचं ऊन थेट आत. मधोमध हिरवंगार शेवाळ, कडेला बागेचा नळ आणि छपराला आधार देणारा एक गुळगुळीत खांब.

माळी अवघडत आला. "मी काय खोटं सांगू? एरवी मी अकराला येतो, त्या दिवशी सकाळीच आलो होतो. ताई इथे होती. इकडे बघ, तिकडे बघ, कुंड्यांच्या मागे बघ, असं चाललं होतं तिचं. मी विचारलं काय हरवलं, तर म्हणाली, काही नाही. तेवढ्यात आतून धपकन आवाज आला आणि ती पळाली."

"हातात फोन?"

"नव्हता. हातात बादली होती."

"बादली," आत्या म्हणाली. माळ्याला वाटलं सुटलो, पण आत्या खाली शेवाळाकडे बघत होती. "हे असं का जळलंय?"

नळापासून गटाराच्या जाळीपर्यंत शेवाळाचा एक पट्टा तपकिरी पडला होता. माळ्याचा चेहरा उतरला. "त्यावरून मॅडमची बोलणी खाल्ली ना मी फोटोच्या दिवशी. पाणी बरोबर घालतो, ऊन बरोबर आहे. तरी तेवढीच पट्टी जळते. साबणाचं पाणी पडलं तर असं होतं. पण इथे साबण कोण आणणार?"

आत्या ओट्यावरून उतरली. तपकिरी पट्ट्याच्या वरच्या टोकाला, खांबापासून हाताच्या अंतरावर, शेवाळात चार खळगे होते. लहान, गोल, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. खोलवर दबलेले, म्हणजे एका दिवसाचे नव्हेत.

"इथे काही ठेवलेलं असायचं का?"

"फोटोच्या दिवशी तर काही नव्हतं," ओळंबा म्हणाली. बोलताना तिच्या मनात काहीतरी हललं. तिने ते तिथेच दाबून टाकलं.

ताईला बोलावलं. ती खांबाशी उभी राहिली आणि नकळत तिचा हात खांबाला लागला. त्या जागी लाकूड हात लागून लागून चकचकीत झालं होतं.

"काय शोधत होतीस गं त्या दिवशी?" आत्याचा आवाज मऊ होता.

"काही नाही."

"माझा भाचा तुझ्यावर तक्रार करणार आहे. ठाऊक आहे ना? जन्माचं काम जाईल."

ताईने डोळे पुसले. "जाऊ दे. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

घरातली दोन माणसं तोंड मिटून बसली होती, एक इथे आणि एक दवाखान्यात. आणि दोघंही एकच गोष्ट लपवत होती, एवढं आत्याला कळलं. ती न्हाणीघराकडे निघाली.

"चल, आंघोळीची तयारी कर," ती ताईला म्हणाली. "रोज करतेस तशीच. टब भर."

४

टबाच्या नळाला एकच दांडी होती. ताईने ती आधी उजवीकडे फिरवली, मग डावीकडे. कढत पाणी आलं तशी दचकून हात मागे घेतला. आत्याने ते टिपलं.

पाणी चढत गेलं. लाकडाचा गोड वास न्हाणीघरभर पसरला. मालक आणि सूनबाई दारात उभे होते. ओळंबाची नजर मात्र पाण्यावर नव्हती, टबाच्या बुडाशी होती. आधी एका सांध्यातून थेंब आला. मग शेजारच्या. मग काळ्या फरशीवर पाण्याची जीभ सरकत सरकत आत्याच्या पायापर्यंत आली.

"गळतोय की," आत्या म्हणाली.

ओळंबाला ते काय आहे हे त्या खोलीत सगळ्यांत आधी कळलं. असा टब नुसत्या फळ्या एकमेकींना भिडवून केलेला असतो. ओल मिळत राहिली तर लाकूड फुगतं आणि सांधे घट्ट बसतात. कोरडा राहिला तर लाकूड आकसतं आणि फटी पडतात. रोज वापरातला टब एक थेंब गळत नाही. टब बसवला त्या दिवशी तिनेच हे घरात सांगितलं होतं आणि कुणी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

या टबात महिनोन् महिने कुणी उतरलं नव्हतं.

आणि का उतरलं नव्हतं, हा पुढचा प्रश्न. कड उंच. पाय टाकताना धरायला काही नाही. गुळगुळीत, स्वच्छ, मोकळी भिंत. सगळी वाट त्या खोडलेल्या दांड्याशी येऊन थांबत होती.

"हे असंच असतं का गं?" आत्याने विचारलं.

"लाकूड आहे," ओळंबाने स्वतःचा आवाज ऐकला. "थोडं पाझरतंच."

ताईने वर पाहिलं. तिच्या नजरेत आभार होते. मॅडमनी आपल्याला वाचवलं असं तिला वाटलं होतं. ओळंबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५

दुपार कलली. मालक गाडीची चावी घेऊन उभे राहिले. "जातो मी पोलिसांकडे."

"जा, पण आधी ऐक," आत्या म्हणाली. सगळे ओट्यावर जमले होते, माळीसुद्धा. "तक्रार करायची तर खरी कर. दादा त्या टबात बसत नव्हता."

"आत्या, काहीतरीच काय!"

"तो इथे आंघोळ करायचा. या अंगणात, उन्हात. साबणाचं पाणी शेवाळावरून वाहायचं, म्हणून पट्टा जळला. उठता बसता तो हा खांब धरायचा, म्हणून खांब चकचकीत. बसायला चार पायांचं काहीतरी असायचं, त्याचे हे खळगे. ताईला टबाचा नळ कुठे फिरतो ते माहीत नाही. फक्त टबाच्या गळतीचं मला कोडं पडलंय. त्यातलं मला कळत नाही." ती ओळंबाकडे वळली. "तुला कळतं. म्हणून पुन्हा विचारते. रोजच्या वापरातला टब असा गळतो का?"

आत्याने ते अगदी साधेपणाने विचारलं. ओळंबा 'हो' म्हणाली असती तर कुणी तिचं खोटं पकडलं नसतं. चावी मालकांच्या हातात होती, ताई भिंतीशी अंग चोरून उभी होती.

"नाही," ओळंबा म्हणाली. "रोज वापरला असता तर एक थेंब गळला नसता. मी मघाशी खोटं बोलले. दांडा मी काढला होता. तो विषय निघू नये म्हणून बोलले. सूनबाई सांगत होत्या, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

सूनबाईंनी तोंडावर हात ठेवला. ताईचा मात्र बांध फुटला.

"पहिल्याच दिवशी त्यांचा पाय कडेवरून जाईना. घाबरले. मला म्हणाले, पोराने एवढ्या हौसेने आणलंय, त्याला कळता कामा नये. शपथ घातली मला. मग आम्ही रोज इथे, उन्हात. खूश असायचे हो. छान ऊब येते, ते खोटं नव्हतं."

मालक हळूच खाली बसले. चावी ओट्यावर पडली तरी त्यांनी उचलली नाही. "मी एकदा तरी बघायला थांबायला हवं होतं," ते स्वतःशीच म्हणाले.

"मग त्या दिवशी त्याला टबाकडे का नेलंस?" आत्याने ताईला विचारलं.

"आजोबांचं बसायचं स्टूल नव्हतं. एरवी मी ते लपवून ठेवायचे, फोटोच्या दिवशी घाईत इथेच राहिलं. सगळीकडे बघितलं. घरात दुसरं काही बसायला नाही. आजोबा म्हणाले, टबाच्या कडेवर टेकतो, तू इथेच पाणी घाल. मी त्यांना टेकवलं आणि म्हटलं एकदा शेवटचं अंगणात बघून येते. तेवढ्यात..." तिने सूनबाईंकडे पाहिलं. "वहिनींना प्लास्टिक चालत नाही. मला वाटलं, त्यांनी टाकून दिलं. विचारायची हिंमत झाली नाही."

"मी नाही गं!" सूनबाई कळवळून म्हणाल्या. "असं स्टूल आहे हेच मला माहीत नव्हतं."

माळ्याने नकारार्थी मान हलवली. मालकांनाही माहीत नव्हतं.

"कसलं होतं स्टूल?" ओळंबाने विचारलं.

"तांबडं. एका पायाला मी रबर गुंडाळलं होतं, सरकू नये म्हणून."

रबर. तिने ते स्टूल उचललं तेव्हा ते रबर तिच्या बोटांना लागलं होतं. कॅमेरावाला अंगणात चौकट लावत होता आणि हिरव्या शेवाळात ते तांबडं ढब्बू स्टूल. 'कुणी ठेवलं हे ध्यान इथे!' असं म्हणून ती हसलीही होती. घरातल्या कपाटांत सगळं कॅमेऱ्याचं सामान, म्हणून नको त्या वस्तू नेहमीसारख्या तिने आपल्या गाडीत टाकल्या, संध्याकाळी परत देऊ म्हणून. मग फोटो फार सुरेख आले आणि त्या आनंदात सगळंच राहून गेलं.

ती बाहेर गेली. डिकी उघडली. वर्तमानपत्रांची चळत, सूनबाईंचा चार्जर, आणि आडवं पडलेलं तांबडं स्टूल, एका पायाला काळं रबर. वळणावळणावर हेच खडखडत होतं.

जपानी न्हाणीघरात टबाबाहेर बसायला एक छोटं स्टूल आणि बादली असतेच. आधी बाहेर बसून अंग धुवायचं, मग टबात उतरायचं. हे ओळंबा गिऱ्हाइकांना किती रंगवून सांगायची. या घरात मात्र फोटोत गर्दी नको म्हणून तिने तेही ठेवलं नव्हतं. आजोबांना जपानातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी आपल्या गरजेपुरतं ते बरोबर मांडलं होतं, आणि तिने ते उचलून नेलं होतं.

स्टूल घेऊन ती अंगणात आली. कुणालाच काही सांगावं लागलं नाही.

"गाडीचंच काहीतरी असेल असं मलाही वाटलं होतं गं," आत्या हलकेच म्हणाली.

"तक्रार माझ्यावर करा," ओळंबा मालकांना म्हणाली. मालकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"कुणावर करू?" ते म्हणाले. "आणि त्यात माझं नाव कुठे घालू?"

ताई पुढे आली. तिने ओळंबाच्या हातातून स्टूल घेतलं, उलटं केलं, रबर नीट आहे ना ते बघितलं. पदराने बैठक पुसली. मग शेवाळात उतरून तिने ते ठेवलं. चारही पाय आपापल्या खळग्यांत बसले.

"मी सगळीकडे शोधलं हो, मॅडम," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. जे झालं ते तिने सांगितलं, इतकंच. "कुंड्यांच्या मागेसुद्धा बघितलं."

आत्या रात्री तिथेच राहणार होती, त्यामुळे ओळंबा एकटीच निघाली. रस्त्यावर तेच वळण आलं. गाडी वळली, पण मागून काहीच वाजलं नाही. ती पुढच्या वळणाची वाट बघत राहिली. तिथेही काही वाजलं नाही.